हरणटोळ : हिरव्या पानांतील भित्रा शेजारी

आपल्या भागात साप निघाला की सापाचे नाव सहसा कोणी घेत नाही. ‘जनावर निघाले’ एवढीच हाक येते आणि तेवढ्या हाकेवर काठ्या निघतात. रात्री दंश झाला तर जुनी माणसे ‘पान लागले’ असे म्हणत. सापाचा उच्चारही नको, ही त्यामागची भीती. ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्याच्याकडे नीट पाहायचेही नाही, हे ओघाने आलेच. परिणामी नाग, धामण, मण्यार, कवड्या, रुका आणि हरणटोळ हे सारे आपल्या लेखी एकच ‘जनावर’ ठरले आणि सर्वांना एकच शिक्षा मिळत राहिली.

शाळेच्या स्मरणिकेत संस्थेची वाटचाल यावी, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी याव्यात, दिवंगतांना अभिवादन व्हावे, हे उचितच आहे. त्या मालिकेत एका सापावर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर साधे आहे. आम्ही या मुलांना इतिहास शिकवतो. पुरावा म्हणजे काय, ऐकीव गोष्ट म्हणजे काय, आणि ऐकीव गोष्टीवरून कोणाचा न्याय केला तर काय अनर्थ होतो, हे इतिहासाच्या शिक्षकाने शिकवायचे असते. हे शिकवण्यासाठी दर वेळी अशोकाच्या शिलालेखापर्यंत जावे लागत नाही. वसतिगृहाच्या कुंपणावर बसलेला एक हिरवा, सडपातळ, अतिशय भित्रा साप तोच धडा देऊ शकतो. त्या सापाचे नाव हरणटोळ.

कोण हा हरणटोळ?

आंजी (मोठी) हे धाम नदीच्या खोऱ्यातील गाव. कापूस, तूर, सोयाबीनची वावरे. धुऱ्यांवर बोरी, बाभळी, पळस आणि कडुनिंब. घरांभोवती मेंदी, कण्हेर, जास्वंदीची कुंपणे. याच जिल्ह्यात बोरचे जंगल आहे, ज्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. साप म्हटले की तो बिळात, दगडांच्या ढिगात किंवा पऱ्हाट्यांच्या गंजीखाली असणार, अशी आपली कल्पना असते. हरणटोळ मात्र झाडाझुडपांवर राहणारा साप आहे. जमिनीवर तो कमीच उतरतो. झुडपांची दाटी, वेलींचे जाळे, बांबूचे बेट, नाल्याकाठची हिरवळ ही त्याची वस्ती.

त्याचे शरीर जाड दोरीसारखे नसून वेलीसारखे बारीक असते. लांबी चार-पाच फूट भरली, तरी जाडी माणसाच्या बोटापेक्षा फारशी अधिक नसते. रंग पोपटी हिरवा; क्वचित करड्या-तपकिरी छटेचे हरणटोळही आढळतात. पोटाच्या दोन्ही कडांना फिकट पांढरी-पिवळी रेघ शेपटीपर्यंत धावते. डोके लांबट आणि निमुळते, तोंडाचा शेंडा टोकदार. शेपटी लांब आणि चाबकाच्या टोकासारखी बारीक. कोवळी डहाळी समजून पुढे जावे, असाच हा सारा घाट आहे.

या सापाची खरी खूण त्याच्या डोळ्यांत आहे. नाग, धामण यांच्या डोळ्यांतील बाहुली गोल असते. घोणस, मांजऱ्या यांची बाहुली मांजरासारखी उभी असते. हरणटोळाची बाहुली मात्र आडवी असते, कुलपाच्या छिद्रासारखी. डोळ्यापासून तोंडाच्या शेंड्याकडे दोन्ही बाजूंनी एक पन्हळ जाते. त्या पन्हळीतून त्याला समोरचे भक्ष्य दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसते आणि अंतराचा नेमका अंदाज घेता येतो. बहुतेक साप जिभेने वास टिपून भक्ष्याचा माग काढतात. हरणटोळ प्रामुख्याने डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून तो दिवसा हिंडतो.

सरडे, पाली, बेडूक, लहान उंदीर आणि कधी छोटी पाखरे हे त्याचे खाद्य. शिक्रा, सर्पगरुड, मुंगूस यांच्यासारखे शिकारी त्याच्या मागावर असतात. त्याची मादी अंडी घालीत नाही, थेट पिले देते. म्हणजे दिवस भरत आलेली एक मादी काठीखाली गेली, तर तिच्या पोटातील साऱ्या पिलांचाही शेवट होतो.

शास्त्राच्या नोंदवहीतही या सापाची ओळख अलीकडेच अधिक स्पष्ट झाली. आपल्याकडील सर्व हिरव्या हरणटोळांना दीर्घकाळ ‘अहेतुला नासुता’ या एकाच नावाने ओळखले जाई. २०२० साली भारतीय संशोधकांनी शरीररचना आणि जनुके यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ही एक प्रजाती नसून अनेक प्रजातींचा समूह आहे, असे दिसून आले. जुने नाव आता श्रीलंकेतील हरणटोळापुरते उरले. द्वीपकल्पाच्या सखल प्रदेशातील आपल्या हरणटोळाला ‘अहेतुला ऑक्सिऱ्हिंका’ हे नाव मिळाले. शे-दोनशे वर्षे चालत आलेले नावही पुरावा समोर आल्यावर बदलावे लागते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पाहावा कसा?

हरणटोळ दुर्मीळ असतोच असे नाही; तो दिसत नाही, एवढेच. आपण त्याच्याजवळून कितीदा गेलो असू, याची गणती कोणालाच करता येणार नाही. त्याचे सारे आयुष्य न दिसण्यावर अवलंबून आहे. म्हणून तो शोधायचा तर ‘साप’ शोधून चालत नाही. झुडपातील विसंगती शोधावी लागते.

पहिली गोष्ट वेळेची. पावसाळा सरत असताना आणि हिवाळ्याच्या प्रारंभी, सकाळचे कोवळे ऊन झुडपाच्या बाहेरच्या फांद्यांवर पडते, तेव्हा हरणटोळ ऊन घेण्यासाठी कडेला येतो. गुडघ्याच्या उंचीपासून हात वर केल्यावर पोहोचेल तिथपर्यंतच्या फांद्यांवर नजर फिरवावी. घाईने चालणाऱ्याला तो दिसत नाही. एका झुडपासमोर पाच मिनिटे शांत उभे राहणाऱ्याला दिसण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट रेषेची. झुडपातील प्रत्येक डहाळी कुठून तरी फुटलेली असते आणि तिला पाने असतात. कुठूनही न फुटलेली, एकही पान नसलेली, दोन फांद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आडवी तरंगणारी हिरवी रेषा दिसली की थांबावे. त्या रेषेच्या कडेने फिकट पट्टी गेली आहे का, हे पाहावे.

तिसरी गोष्ट हालचालीची. वारा आला की फांद्या हलतात आणि हरणटोळही त्यांच्या लयीत शरीराचा पुढचा भाग हलवतो. ही त्याची युक्ती आहे. झुडूप हलत असताना एखादी वस्तू अगदी स्थिर राहिली तर तीच उठून दिसते, म्हणून तो हलतो. वारा थांबला की तोही थांबतो, पण कधी कधी क्षणभर उशिराने. तो क्षण पाहणाऱ्याचा असतो. शिवाय हा साप जीभ बाहेर काढून बराच वेळ तशीच स्थिर धरतो. इतर सापांची जीभ लवलवते, याची जणू काडी होते.

चौथी गोष्ट पाखरांची. बुलबुल, शिंजीर किंवा सातभाई एखाद्या झुडपाभोवती कलकलाट करीत घिरट्या घालू लागले, तर तेथे साप, घुबड किंवा मांजर असण्याची शक्यता असते. आपल्या आधी त्याला पाखरे ओळखतात.

साप दिसल्यावर काय करायचे, हे दिसण्यापेक्षा महत्त्वाचे. किमान दोन मीटर अंतर ठेवावे. हात लावू नये, फांदी हलवू नये, काडीने डिवचू नये. पाच-दहा मुले असतील तर सर्वांनी एकाच बाजूला उभे राहावे, म्हणजे त्याला जाण्यासाठी दुसरी बाजू मोकळी राहते. काही मिनिटे पाहून आपण निघून जावे. फार जवळ गेल्यास तो शरीराचा पुढचा भाग फुगवतो. तेव्हा हिरव्या खवल्यांमधली काळी-पांढरी त्वचा उघडी पडते आणि तो जबडा मोठा उघडतो. पुष्कळांना हे आक्रमण वाटते. वस्तुतः पळायला वाट नसलेल्या भित्र्या जिवाने ‘दूर व्हा’ म्हणण्याची ती रीत आहे.

सारखे दिसणारे, पण निराळे

झाडावर दिसणारा प्रत्येक साप हरणटोळ नव्हे आणि हिरवा साप म्हणजेही हरणटोळच असे नाही.

रुका हा झाडावरचाच चपळ साप. त्याची पाठ कांस्यासारखी तपकिरी, बाहुली गोल, तोंड बोथट. तो बिनविषारी आहे. मांजऱ्या रात्री फिरतो. रंगाने भुरा, डोळे मोठे, बाहुली उभी, डोक्यावर ‘वाय’ या इंग्रजी अक्षरासारखी खूण. तो हरणटोळाप्रमाणेच निमविषारी. गवत्या हिरवा असतो, परंतु जाडसर असतो आणि गवतात, ओलसर जमिनीवर आढळतो. त्याच्यापासून माणसाला धोका नाही.

येथवर सारे सोपे वाटेल. पण ओळख चुकण्याचे दोन धोके सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिला : मांजऱ्या आणि फुरसे यांची अंगावरची नक्षी वरवर सारखी दिसते. मांजऱ्याला फुरसे समजून मारले तर एक निरुपद्रवी जीव जातो. फुरशाला मांजऱ्या समजून हात घातला तर माणूस जातो. दुसरा : आपले कित्येक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात स्थायिक झाले आहेत. तेथील जंगलांत आणि बांबूच्या बेटांत चापडा नावाचा हिरवा साप असतो. तोही झाडाझुडपांवर स्थिर बसून राहतो. पण त्याचे डोके त्रिकोणी, शरीर जाड आणि विष गंभीर असते. ‘हिरवा आहे, म्हणजे आपला हरणटोळच’ हे अनुमान तेथे महागात पडेल.

विष किती आणि कसे?

हरणटोळ विषारी आहे का, या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विषदंत जबड्याच्या पुढच्या भागात असतात आणि ते पोकळ किंवा नळीसारखे असतात. हरणटोळाचे विषदंत जबड्यात बरेच मागे असतात आणि त्यांना फक्त खाच असते. पकडलेला सरडा तोंडात मागे सरकवून, चावत राहून, तो त्या खाचेतून विष भिनवतो. सरड्याला, बेडकाला ते पुरेसे असते. माणसाला झटकन दंश करून विष टोचणे त्याला सहज जमत नाही. कधी दंश झालाच, तर जागेवर वेदना, सूज, बधिरता येते आणि ती सहसा थोड्या दिवसांत ओसरते. यालाच आपण निमविषारी म्हणतो.

मात्र निमविषारी हा शब्द हात लावण्याचा परवाना नव्हे. यासंबंधी जगात घडलेल्या दोन घटना आम्ही वर्गात नेहमी सांगतो. आफ्रिकेत बूमस्लँग नावाचा झाडावर राहणारा, हरणटोळासारखाच लाजाळू साप आहे. त्याचेही विषदंत मागच्या बाजूस असतात. शिकागोच्या फील्ड संग्रहालयातील ख्यातनाम सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांच्याकडे सप्टेंबर १९५७ मध्ये ओळख पटवण्यासाठी असा एक लहान साप आणला गेला. तो हाताळताना त्यांच्या अंगठ्याला दंश झाला. आपल्या लक्षणांची नोंद ते स्वतः लिहीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. पुढे १९७५ मध्ये जर्मनीचे रॉबर्ट मर्टेन्स हे थोर सर्पतज्ज्ञही आफ्रिकेतील काडीसापाच्या दंशाने दगावले. तो काडीसाप तर दिसायला थेट आपल्या हरणटोळाचा भाऊ शोभेल : तसाच बारीक, तसाच आडव्या बाहुलीचा, तसाच डहाळी होऊन बसणारा.

बुद्धांच्या उपदेशात सापाचा एक दृष्टान्त मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात येतो. सापाच्या शोधात निघालेला माणूस सापाला वेटोळ्याने किंवा शेपटीने पकडतो. साप उलटून त्यास दंश करतो. दोष कोणाचा? चुकीच्या पकडीचा. बुद्धांनी हा दृष्टान्त धम्म चुकीच्या रीतीने ग्रहण करणाऱ्यांसाठी दिला. अर्धवट ज्ञानाचेही तसेच आहे. सापाबरोबर छायाचित्र काढून घेण्याचा छंद लागलेल्या आजच्या तरुणांनी हा दृष्टान्त शब्दशः घेतला, तरी हरकत नाही.

टाळूची दंतकथा

हरणटोळाविषयी महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येणारी समजूत अशी की, तो झाडावरून उडी घेऊन माणसाच्या टाळूवर दंश करतो. तमिळनाडूत हीच कथा डोळ्यांविषयी सांगतात. तेथे त्याचे नावच ‘डोळ्याला टोचणारा साप’ या अर्थाचे आहे. शास्त्रीय नावातील ‘अहेतुला’ हा शब्द सिंहली भाषेतून आला असून त्याचाही आशय असाच आहे. म्हणजे नदी बदलली, भाषा बदलली, तरी भीती तीच राहिली.

ही समजूत निर्माण कशी झाली असावी, हे कळणे कठीण नाही. साप सामान्यतः आपल्या पायांपाशी भेटतो, हरणटोळ मात्र डोळ्यांच्या पातळीवर भेटतो. फांदी बाजूला सारताना चेहऱ्यासमोर अकस्मात टोकदार तोंड आणि उघडा जबडा दिसला, तर माणूस दचकणारच. त्या दचकण्यातून कथा जन्मते आणि प्रत्येक तोंडी ती वाढत जाते. प्रत्यक्षात हरणटोळाला माणसाच्या टाळूचे काही आकर्षण असण्याचे कारण नाही. माणूस त्याचे भक्ष्य नाही, आणि त्याची पहिली इच्छा न दिसण्याची, दुसरी निसटण्याची असते.

‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ असा वाक्प्रचार मराठीत आहे. येथे तर भुईही सुटली. आपण झाडे धोपटतो.

एका खोट्या कीर्तीचा हिशोब

आता आम्ही या लेखाच्या गाभ्याकडे येतो. हरणटोळासारख्या सापांविषयीचे अज्ञान केवळ सापांचा बळी घेत नाही. ते माणसांचाही बळी घेते, आणि ते कसे, हे समजून घेतले पाहिजे.

सर्पदंश झालेल्याला मांत्रिकाकडे किंवा देवस्थानाकडे नेण्याची प्रथा अद्याप संपलेली नाही. ‘अमक्याला तिथे गुण आला’ असे सांगणारी माणसे गावोगाव भेटतात आणि ती खोटे बोलत नसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर दंश झालेला माणूस बरा झालेला असतो. प्रश्न असा की, तो कशामुळे बरा झाला?

समजा, एका मांत्रिकाकडे वर्षभरात दहा दंश झालेली माणसे आली. त्यांपैकी कोणाला धामण चावली होती, कोणाला कवड्या, कोणाला गवत्या, कोणाला हरणटोळ. नाग आणि घोणसही कधी कधी विष न टोचता नुसता दंश करतात. असे आठ जण आपोआप बरे होणार होते. मांत्रिकाने पाणी शिंपडले, राख लावली, मंत्र पुटपुटला, आणि ते बरे झाले. उरलेल्या दोघांना मण्यारीने किंवा नागाने खरोखर विष टोचले होते. ते मरण पावले. तेव्हा ‘उशीर झाला होता’ किंवा ‘त्याची वेळ भरली होती’ असे म्हटले गेले. बरे झालेले आठ जण पुढे आयुष्यभर साक्ष देत फिरले. मेलेले दोघे साक्ष द्यायला आले नाहीत.

इतिहासाचा विद्यार्थी हा डाव ओळखतो. जे उरले त्यांच्याच नोंदी शिल्लक राहतात, आणि त्या नोंदींवरून साऱ्या काळाचे चित्र काढले की ते खोटे ठरते. मांत्रिकाची कीर्ती ही निरुपद्रवी सापांनी अजाणता दिलेली देणगी आहे. त्या कीर्तीवर विसंबून जो मण्यारीचा दंश झालेले मूल घेऊन तेथे जातो, तो त्या कीर्तीची किंमत चुकवतो. हरणटोळ कोण, हे ज्याला कळले, त्याला मांत्रिकाचे ‘यश’ कोठून आले तेही कळते.

ही किंमत लहान नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मरण पावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मरणारे बहुतांशी खेड्यांतले. शेतात राबणारे, अनवाणी चालणारे, जमिनीवर झोपणारे. म्हणजेच आपली माणसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

महाराष्ट्राने याबाबतीत कायद्याचे पाऊल आधीच उचलले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे हा या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

दंश झाल्यास

साप कोणताही असो, अगदी हरणटोळच होता अशी खात्री वाटत असली, तरी रुग्णालयात जावे. ओळखण्यात चूक होऊ शकते, हे वर सांगितलेच आहे.

दंश झालेल्यास धीर द्यावा, चालू किंवा पळू देऊ नये. अंगठी, बांगड्या, पायातले काढून घ्यावे. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तसा फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा. घट्ट आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, बर्फ किंवा झाडपाला लावू नये. साप मारून सोबत नेण्यात वेळ दवडू नये. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त गोठण्याच्या साध्या चाचणीवरून उपचार ठरवतात. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्रित काम करणारे असते. विषबाधेची लक्षणे दिसली तरच ते दिले जाते. हरणटोळाच्या दंशाला त्याची गरज पडत नाही.

मण्यारीविषयी वसतिगृहात मुले ठेवणाऱ्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यास दंश करते, आणि दंशाची जागा दुखतही नाही, सुजतही नाही. पहाटे मुलाच्या पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, तर दंशाची खूण नसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा नीट खोचणे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे.

आंजीचे सुदैव असे की, येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे. सेवाग्राम, सावंगी आणि वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ज्या गावाजवळ एवढी व्यवस्था आहे, त्या गावातील एकही मूल सर्पदंशाने वाटेत दगावता कामा नये.

मैत्री आणि दृष्टी

सापाशी आपले नाते केवळ भीतीचे नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरचीच निवड का केली हे सांगताना नाग लोकांचा इतिहास मांडला. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या त्या नागांचा वारसा त्यांनी आपल्याला स्मरून दिला. तो वारसा सापाला देव मानण्याचा नाही. पंचमीला दूध दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी काठी मारायची, या दोन्ही कृतींत सापाला समजून घेणे कुठेच नसते. साप दूध पिणारा प्राणीच नाही.

अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. श्रावस्तीला एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावतो. तेव्हा बुद्ध भिक्खूंना सर्पकुलांविषयी मैत्रीभावना ठेवण्यास सांगतात. आपल्या विहारांत परित्तपाठात ती मैत्री आजही उच्चारली जाते. परंतु मैत्री ही दंशाच्या आधीची गोष्ट आहे, हे विसरू नये. पाय टाकण्यापूर्वी पाहणे, बॅटरी घेऊन बाहेर पडणे, अडगळ न साठवणे, दिसलेल्या सापाला वाट देणे, ही मैत्री. दंश झाल्यानंतर पाठ नव्हे, रुग्णालय.

आपल्या भाषेत प्राण्यांच्या प्रकारालाही ‘जात’ म्हणतात. ‘सापाची जातच तशी,’ हे वाक्य आपण सहज उच्चारतो. जन्मावरून, नावावरून, ऐकीव कथेवरून न्याय केला की काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? कालाम सुत्ताने सांगितले की, ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका. स्वतः पारखून पाहा. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये १९७६ साली मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास ही दोन कर्तव्ये लागोपाठ येतात. हरणटोळापुढे उभे असताना ती दोन्ही एकाच वेळी पार पाडता येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ सापांना मारणे आणि पकडणे यांस मज्जाव करतो, हेही ध्यानात असावे. घरात किंवा वसतिगृहात साप शिरल्यास वन विभागाला अथवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आपल्या मुलांना झुडपातील हरणटोळ दुरून दाखवा, त्याचे नाव सांगा, आडवी बाहुली दाखवा. जो मुलगा हरणटोळ, मांजऱ्या आणि मण्यार यांतला भेद सांगू लागतो, तो पुढे मांत्रिकाच्या ओट्यावर जाऊन बसत नाही, आणि आपल्या आईला, भावाला, शेजाऱ्यालाही तेथे जाऊ देत नाही. सम्यक दृष्टी हा आर्य अष्टांगिक मार्गाचा प्रारंभ आहे. तिचा सराव कुंपणावरच्या एका हिरव्या रेषेपासूनही सुरू करता येतो.

जय भीम!